स्कॅलीने इंग्लंड गाठावं, हे कोणी ठरवलं?

अमेरिकेच्या फुटबॉल संघाचा विषय निघाला की त्यातल्या एका बचावपटूबद्दल एक वाक्य हमखास कानावर येतं: जो स्कॅलीने आता जर्मनी सोडावी आणि प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, गाठावी, नाहीतर पोरगं तिथेच कुजणार. हे इतक्या जणांनी इतक्या वेळा पुढे पाठवलंय की त्याच्यासोबतचे मुद्देही पाठ झालेत. तो २०२१ पासून बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख या जर्मन क्लबमध्येच आहे, म्हणजे अडकलाय. जर्मनीत खेळणाऱ्याकडे राष्ट्रीय संघाचे कोच बघत नाहीत, म्हणून तर कतारच्या वर्ल्ड कपमध्ये त्याला एक मिनिटही मिळालं नाही. त्याच्याच संघातले अँटनी रॉबिन्सन आणि ख्रिस रिचर्ड्स इंग्लंडला गेले म्हणून मोठे झाले. आणि २०२६ चा वर्ल्ड कप घरच्या अंगणात आहे, तेव्हा आता उशीर नको.

यातला एकही मुद्दा मला जसाच्या तसा पटत नाही. न मांडलेला एक मुद्दा मात्र अर्धाअधिक पटतो, त्यावर येईनच.

कतारपासून सुरू करू, कारण वादात सगळ्यात आधी तेच तोंडावर फेकलं जातं. २०२२ च्या त्या संघात स्कॅली होता आणि चारही सामने त्याने बाकावर बसून पाहिले, इथपर्यंत खरं आहे. पण त्याच्या जागी खेळलं कोण? राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू म्हणून चारही सामन्यांत सर्जिनो डेस्ट उतरला. तो तेव्हा बार्सिलोनाकडून एसी मिलानला लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, गेला होता आणि मिलानमध्ये त्याला फारसं कोणी खेळवत नव्हतं. डेस्टला बाहेर काढल्यावर आत आले दिआंद्रे येडलिन आणि शॅक मूर. येडलिन इंटर मायामीचा, मूर नॅशव्हिलचा, म्हणजे दोघेही अमेरिकेतल्याच मेजर लीग सॉकरमधले! बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, आठवड्यामागून आठवडा खेळणाऱ्या मुलाला बसवून कोच ग्रेग बर्हॉल्टरने ज्यांना खेळवलं, त्यांच्यात प्रीमियर लीगचा एकही जण नव्हता. मग लीगच्या वजनामुळे स्कॅली मागे पडला हे कुठून आलं? माझा अंदाज साधा आहे. बर्हॉल्टरला चेंडू पायात घेऊन आत घुसणारा फुलबॅक (कडेचा बचावपटू) हवा होता. डेस्ट तसा आहे, स्कॅली नाही.

पुढचं तर कोणी सांगतच नाही. एप्रिल २०२४ मध्ये डेस्टचा गुडघा गेला आणि त्या उन्हाळ्यातल्या कोपा अमेरिका स्पर्धेत अमेरिकेच्या तिन्ही सामन्यांत राइट बॅकला स्कॅली होता. क्लब तोच, लीग तीच. (अमेरिका पनामाशी आणि उरुग्वेशी हरून गटातच गारद झाली, पण ते रामायण वेगळं.) त्यानंतर मॉरिसियो पोचेटिनो कोच झाले. २०२५ च्या गोल्ड कपमध्ये त्यांनी त्या जागेवर ज्या नव्या पोराला पुढे आणलं तो अ‍ॅलेक्स फ्रीमन तेव्हा ऑर्लँडो सिटीचा, म्हणजे पुन्हा मेजर लीग सॉकर. तीन स्पर्धा आणि दोन कोच झाले, पण या जागेसाठी कोणी पासपोर्टवर इंग्लंडचा शिक्का शोधलेला मला दिसला नाही.

आता रॉबिन्सन आणि रिचर्ड्स. या दोघांची नावं घेतली की समोरचा गप्प होतो असा समज आहे. मला उलट वाटतं, ही दोन नावं दाव्याच्याच विरुद्ध साक्ष देतात.

रॉबिन्सन इंग्लंडला ‘गेला’ कधी? तो जन्मलाच मिल्टन कीन्सला आणि वाढला एव्हर्टनच्या अकादमीत. तिथून लोनवर बोल्टनला, मग विगनला, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या चॅम्पियनशिपमध्ये. जानेवारी २०२० मध्ये मिलानशी त्याचं जवळजवळ ठरलं होतं, पण वैद्यकीय तपासणीत हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता आढळली आणि तो सौदा बारगळला. त्याच वर्षी तो फुलहॅमला आला. पहिल्याच हंगामात फुलहॅम खाली घसरला. रॉबिन्सन क्लब सोडून पळाला नाही, २०२१-२२ चा अख्खा हंगाम चॅम्पियनशिपमध्ये खेळून संघासोबत परत वर आला. २०२४-२५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये त्याच्या नावावर दहा असिस्ट (गोलआधीचे शेवटचे पास) लागले, ते फुलहॅममधल्या पाचव्या हंगामात. यातून काही शिकायचं असेल तर लीग बदलायची घाई नव्हे, एका जागी मुरणं शिकावं.

रिचर्ड्सची गोष्ट आणखी बोलकी आहे, कारण तो स्कॅलीसारखाच बुंडेसलीगातून गेला. बायर्न म्युनिकने त्याला हॉफेनहाइमला दोनदा लोनवर धाडलं, मग जुलै २०२२ मध्ये क्रिस्टल पॅलेसने विकत घेतलं. म्हणजे दावेवाले आज स्कॅलीला जे करायला सांगतायत, अगदी तेच. काय झालं? पहिला हंगाम बहुतेक बाकावर गेला, कारण मार्क गेही आणि योआकिम अँडरसन ही सेंटर बॅकची (मधल्या बचावपटूंची) जोडी जमलेली होती. त्यात दुखापत झाली आणि कतारचा वर्ल्ड कपही हुकला. पुढच्या हंगामात रॉय हॉजसननी त्याला मिडफिल्डला उभं करून गरज भागवली. चित्र बदललं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑलिव्हर ग्लासनर आल्यावर. त्यांनी मागे तीन सेंटर बॅक ठेवायचं ठरवलं आणि एक जागा निर्माण झाली. १७ मे २०२५ ला वेम्ब्लीवर मँचेस्टर सिटीला १-० हरवून पॅलेसने एफए कप जिंकला तेव्हा रिचर्ड्स सुरुवातीपासून मैदानात होता. तो चषक दाखवून ‘बघा, इंग्लंडने घडवलं’ म्हणायचं, तर मधली दोन वर्षं झाकून ठेवावी लागतात. आणि ग्लासनर आधी कुठे होते? वोल्फ्सबुर्ग आणि फ्रांकफुर्ट. रिचर्ड्सला इंग्लंडमध्ये जागा मिळाली ती बुंडेसलीगात नाव कमावून आलेल्या एका ऑस्ट्रियन कोचमुळे.

खरं तर ‘वरच्या’ ठिकाणी उडी मारून हात पोळलेल्यांची नावं या चर्चेत कोणी घेतच नाही. ब्रायन रेनॉल्ड्स हा डॅलसचा राइट बॅक. २०२१ च्या सुरुवातीला तो थेट रोमाला गेला, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. वर्षभरात तो लोनवर बेल्जियमच्या कोर्ट्रेकला होता आणि नंतर तिथल्याच वेस्टर्लोमध्ये स्थिरावला. डेस्टचंही तेच. २०२० मध्ये रोनाल्ड कुमन यांनी त्याला आयाक्सहून बार्सिलोनाला आणलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कुमन गेले, चावी आले आणि डेस्टची गरज संपली. आज त्याचं नाव पुन्हा घेतलं जातं ते नेदरलँड्समध्ये पीएसव्हीकडून २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन विजेतेपदं मिळवल्यामुळे. ज्याला आपण ‘खालची लीग’ म्हणतो तिथेच त्याला पुन्हा सूर सापडला.

‘अडकलाय’ हा शब्द तर मला कळतच नाही. स्कॅली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा. त्याचा जन्म ३१ डिसेंबर २००२ चा. १८ वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशात विकत घेण्यावर, काही अपवाद सोडले तर, फिफाची बंदी आहे. त्यामुळे करार २०१९ मध्येच ठरला, तरी तो २०२१ चं वर्ष उजाडल्यावरच ग्लाडबाखला जाऊ शकला. त्याच वर्षी १३ ऑगस्टला, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, बायर्नविरुद्ध तो उतरला तेव्हा १८ वर्षांचा होता. तेही लेफ्ट बॅक म्हणून, म्हणजे उलट्या पायाच्या बाजूला. सामना १-१ सुटला. तेव्हापासून आडी हुटर, डानिएल फार्के, गेरार्डो सेओआने आणि सप्टेंबर २०२५ पासून ऑयगेन पोलान्स्की असे कोच बदलले. कधी चौघांची बचावफळी, कधी तिघांची. तो उजवीकडे खेळला, डावीकडे खेळला, तिघांत उजवा सेंटर बॅक म्हणूनही खेळला. बुंडेसलीगातले शंभरावर सामने पंचविशीच्या आत त्याच्या खात्यावर आहेत. नोकरीत चार साहेब बदलले आणि चौघांनीही ठेवून घेतलं, अशा माणसाला आपण अडकलेला म्हणतो का?

आणि अमेरिकन पोरं जर्मनीत का जातात यालाही कारण आहे. स्पेनमध्ये एका संघात युरोपीय संघाबाहेरच्या तिघांनाच जागा. इटलीत अशा खेळाडूंच्या नव्या खरेदीवर मर्यादा. इंग्लंडमध्ये ब्रेक्झिटनंतर परवान्यासाठी गुणांचा हिशेब. बुंडेसलीगाने ही मर्यादा २००६ मध्येच उठवली. दार उघडं होतं म्हणून पोरं शिरली आणि खेळायला मिळालं म्हणून राहिली.

आता दाव्यातली सगळ्यात मोठी पोकळी. ‘प्रीमियर लीग’ नावाचा कुठलाही क्लब नाही. खेळाडू लीगमध्ये जात नाही, एका संघात जातो. स्कॅलीसारख्या बचावात पक्क्या पण पुढे जाऊन फार गोल-असिस्ट न देणाऱ्या फुलबॅकला इंग्लंडमधून फोन कोण करील? आर्सेनल आणि सिटी नक्कीच नाहीत. फोन येईल तो तळाच्या निम्म्यातून, बहुतेक नुकत्याच वर आलेल्या संघाकडून. २०२३-२४ मध्ये वर आलेले तिन्ही संघ, म्हणजे लूटन, बर्नली आणि शेफिल्ड युनायटेड, त्याच हंगामात परत खाली गेले. २०२४-२५ मध्ये इप्सविच, लेस्टर आणि साउदॅम्प्टन यांचीही तीच गत झाली. अशा संघात जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. डिसेंबरात कोच हाकलला जातो, नवीन येतो तो स्वतःचे खेळाडू मागतो, आणि मे महिन्यात तुम्ही चॅम्पियनशिपमध्ये. पैसे जास्त मिळतील, हे मान्य. त्यासाठी जायचं असेल तर खुशाल जावं, खेळाडूचं आयुष्य थोडं असतं. फक्त त्याला ‘प्रगती’ म्हणू नये.

वर्ल्ड कपच्या तोंडावर हलण्याचा सल्ला म्हणजे पी हळद आणि हो गोरी. बचावपटूला नव्या संघात रुळायला वेळ लागतो, आणि तो गोल करणाऱ्याला लागतो त्यापेक्षा जास्त. शेजारचा सेंटर बॅक कधी पुढे निघतो, गोलरक्षक कधी बाहेर येतो, ऑफसाइडची रेषा कोण सांभाळतो, हे सगळं अंगात भिनावं लागतं. एक चूक झाली की पुढचे पाच सामने बाक. कतारच्या वर्ल्ड कपला चार महिने असताना रिचर्ड्सने असाच क्लब बदलला होता.

आता मला पटणारा मुद्दा, जो दावेवाले गंमत म्हणजे मांडतच नाहीत. २०२०-२१ मध्ये ग्लाडबाख चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या बाद फेरीत होतं. त्यानंतर पुढच्या चार हंगामांत त्यांचे क्रमांक दहा, दहा, चौदा आणि दहा. सत्तरच्या दशकात पाच वेळा जर्मन विजेतेपद मिळवलेला हा क्लब, आणि त्यांच्या ‘शिंगरांना’ (हे त्यांचं टोपणनावच आहे) युरोपचं कुरण काही गावत नाही. मंगळवारी-बुधवारी परक्या देशातल्या वेगळ्या धाटणीच्या संघांशी खेळण्याचा अनुभव स्कॅलीला क्लबकडून मिळालेला नाही. चेंडू पायात असताना तो अजून थोडा साचेबद्ध वाटतो, त्यात याचाही वाटा असावा. त्यासाठी त्याने क्लब बदलला तर मी टाळ्या वाजवीन. पण ती भूक फ्रांकफुर्टमध्ये भागू शकते, आइंडहोवनमध्ये भागू शकते, लिस्बनमध्येही. नुकत्याच वर आलेल्या इंग्लिश क्लबमध्ये ती भागत नाही, कारण त्याच्याही बुधवारच्या रात्री रिकाम्याच असतात.

मग प्रीमियर लीगचंच पालुपद का? मला वाटतं, याचं उत्तर घड्याळात आहे. हिवाळ्यात शनिवारी आपल्याकडे रात्री आठला बुंडेसलीगाचे सामने सुरू होतात आणि साडेआठला प्रीमियर लीगचे. साडेआठ वाजले की रिमोट फिरतो. स्कॅली वाईट खेळतो म्हणणाऱ्या माझ्या दोन मित्रांना मी विचारलं, त्याचा पूर्ण सामना शेवटचा कधी पाहिलास? एकाने कोपा अमेरिका सांगितली. दुसऱ्याने विषय बदलला.