अभंगातला कुकर

मुंबईत घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करता येतं आणि ते बऱ्यापैकी निघतंही. पंचाईत होते ती मास्टरिंगला, म्हणजे रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवायला, बसल्यावर. रेकॉर्डिंगच्या वेळी शहाण्यासारखी गप्प बसलेली सगळी मंडळी तेव्हा तोंड उघडतात. पंखा, कबुतरं, मध्य रेल्वे.

भजनी मंडळाला सरावासाठी बाबांच्या आवाजात एक अभंग हवा होता. लॅपटॉप माझा, म्हणून काम माझं. शेवटची लोकल गेल्यावर गाऊ या, ही माझी सूचना बाबांनी जांभईतच निकालात काढली. त्यामुळे सकाळी अकरा वाजता, भिंतीला गाद्या टेकवून, पंखा बंद करून, बाबा बनियनवर गायले. तिसऱ्या कडव्यानंतर खालच्या मजल्यावर डाळ शिजली.

कच्चं रेकॉर्डिंग बाबांनी त्याच रात्री मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं. मी ईक्यू उघडला, म्हणजे आवाजातले जाड-बारीक स्वर वेगवेगळे कमीजास्त करायचं साधन. 80 हर्ट्झच्या खालचं कापलं की लोकलची घरघर जाते, पण डग्ग्याचा घुमाराही तिच्याबरोबर गाडीत बसून जातो. विजेची गुणगुण 50 हर्ट्झवर, तिची पिल्लं 100 आणि 150 वर, आणि नेमका तिथेच बाबांचा खर्ज. कुकरचं तर विचारूच नका. माणसाचा कान साधारण 2 ते 5 हजार हर्ट्झमध्ये सर्वांत तिखट असतो. शब्द स्पष्ट कळतात तेही याच पट्ट्यातून. तिथली शिट्टी दाबली की बाबा तोंडात तंबाखू धरून गातायत असं वाटतं.

त्यात आमची खोली दहा फुटी. समोरासमोरच्या भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासची लाट अडकून बसते, त्यामुळे भिंतीशी डग्गा ढुमढुमतो आणि खुर्ची खोलीच्या मध्यावर सरकवली की गायब. माझ्या मते तो कमी करायला हवा होता, पलंगावरून ऐकणाऱ्या बायकोच्या मते वाढवायला. दोघांचंही बरोबर होतं. संसारात असं क्वचित होतं, आणि झालं तरी उपयोग नसतो.

खरा घरभेदी म्हणजे मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर. बाबा पहिली ओळ देवाच्या कानात सांगतात आणि तान मात्र पंढरपूरपर्यंत पोचवतात. म्हणून 4:1 चं प्रमाण लावलं. म्हणजे ठरवलेली पातळी आवाजाने 8 डेसिबलने ओलांडली, तर बाहेर 2 नेच ओलांडलेली दिसणार. तान वठणीवर आली. मग एकूण आवाज बारीक झाला म्हणून सगळंच वर उचललं, आणि सगळ्यात सगळे आले. बाबा ओळ संपवून थांबले रे थांबले की कॉम्प्रेसर पकड सोडतो आणि ती रिकामी जागा फुगते. तिच्यातून कबुतराचा घुत्कार, लिफ्टचं दार आणि वरच्या मजल्यावरची मालिका, जिचा तो भाग मला आता पाठ आहे. पकड सावकाश सोडायला लावली तर तानेनंतरची ओळ दबते. पकड झटकन बसवली तर तबल्याची थाप मरते, पुठ्ठ्यावर बोट आपटल्यासारखी.

बाबांना ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी दोन ओळी ऐकल्या.

"मध्ये मध्ये हा कोण धापा टाकतोय?"

"तुम्हीच, बाबा."

"मी असा श्वास घेतच नाही."

राहता राहिला लिमिटर, आवाजाला ठरल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा. त्याचं छत उणे 1 डेसिबलला बांधायचं आणि गाणं खालून त्याला भिडवायचं. हे करावं लागलं ते आत्यामुळे. "अरे, दादाचा आवाज फारच बारीक येतोय," हा तिचा फोन प्रत्येक फाइलनंतर ठरलेला. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं साधारण उणे 14 एलयूएफएसला (हे गाणं एकूण किती मोठं वाजतं त्याचं माप) आणून ठेवतात. तुम्ही उणे 8 पर्यंत ठोकून नेलंत तर ते 6 डेसिबलने खाली ओढतात, आणि हाती उरतो तो फक्त चेचलेला तबला. पण आत्या अभंग व्हॉट्सॲपवर ऐकते, तिथे कोण ओढणार? शिवाय तिच्या मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून डग्गा बाहेर पडतच नाही. त्याला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे किंचित खरखर, देऊन वरचे स्वर उगवावे लागतात, मग कान मूळ डग्गा आपल्या पदरचा घालून घेतो. आत्याच्या कानांनी घातला.

शिट्टी शेवटी स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे आवाजाच्या चित्रात, सापडली. पडद्यावर ती पिवळी धमक रेघ दिसते, वर तिच्याच दोन फिकट बहिणी. तिघींना रात्रभर बसून माउसने खोडलं आणि फाइल मंडळात पाठवली.

दुसऱ्याच दिवशी मृदंगवाल्या काकांचा फोन. मंडळाने सराव कच्च्या रेकॉर्डिंगवरच केला होता आणि तिसऱ्या कडव्यानंतर शिट्टी झाली की टाळ उचलायचे, असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. नव्या फाइलमध्ये कुणी टाळच उचलले नाहीत. तेव्हा शिट्टी परत हवी आहे, आणि जमल्यास थोडी मोठी. ती लिमिटरच्या आधी घालायची की नंतर, एवढंच ठरायचं बाकी आहे.