क्लोनिंग यशस्वी, बूट मात्र रामभरोसे

लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाची) डिस्क क्लोन करून, म्हणजे तिची हुबेहूब प्रत काढून देणारे साधन शेवटी जो ‘यशस्वी’ असा हिरवा शिक्का मारते, त्याचा मला आता मनापासून संताप येतो. चेकसम (प्रत तंतोतंत आहे का हे ताडून पाहायचा आकडा) जुळतो, एकही बाइट गहाळ झालेला नसतो, आणि तरीही नवे मशीन चालू केले की पडद्यावर ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा) रेस्क्यू प्रॉम्प्ट किंवा बूट अडल्यावरचा इमर्जन्सी मोड हजर असतो. याचे कारण असे, की डिस्कची ओळख एफस्टॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत), ग्रबच्या कॉन्फिगमध्ये, इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल संचात) आणि एलव्हीएमच्या (डिस्कची जागा वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदींत अशी जागोजागी लिहून ठेवलेली असते आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

संपूर्ण डिस्कची प्रत काढली की फाइल सिस्टीमचा (डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीचा) युयूआयडी, म्हणजे एकमेव ओळखक्रमांकसुद्धा जसाच्या तसा येतो. व्हर्च्युअल मशीन चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स क्लोन करताना नवा युयूआयडी देतो खरा, पण तो डिस्क इमेजचा (आभासी डिस्क साठवणाऱ्या फाइलचा) असतो, आतल्या फाइल सिस्टीमचा नव्हे. दोन्हींचे नाव एकच ठेवून गोंधळ घालण्यात काय समाधान मिळते, कोण जाणे. मूळ आणि क्लोन एकाच मशीनला जोडले की युयूआयडी एकच असल्यामुळे एक्सएफएस ही फाइल सिस्टीम दुसरी डिस्क माउंट करायला (वापरासाठी जोडून घ्यायला) साफ नकार देते. म्हणून युयूआयडी बदलावा, तर एफस्टॅबमधली जुनी ओळ बूटच्या वेळी आडवी येते. बूटच्या वेळी सगळ्या सेवा सुरू करणारी सिस्टमडी त्या हरवलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहत बसते आणि मग मशीनला इमर्जन्सी मोडमध्ये ढकलते. ती ओळ एखाद्या बॅकअपच्या फुटकळ विभाजनाची असली, तरी तिच्यापुढे ‘नोफेल’ (डिस्क सापडली नाही तरी पुढे चला) लिहिलेले नाही एवढ्या गुन्ह्यासाठी अख्खे मशीन अडवले जाते. त्यावर कळस म्हणजे उबुंटूमध्ये सर्वाधिकार असलेले रूट खाते मुळातच कुलूपबंद असते. म्हणजे दुरुस्तीसाठी शेल (आज्ञा टाइप करायची जागा) उघडायला निघालेली यंत्रणा ‘रूट खाते बंद आहे’ असे सांगून एंटर दाबायला लावते आणि एंटर दाबला की फिरून तिथेच आणून सोडते. ही दुरुस्तीची सोय आहे की थट्टा?

डिस्कचा कंट्रोलर (डिस्क मशीनला जोडणारा भाग) बदलला तर आणखी वेगळा छळ सुरू होतो. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये इनिटरॅमएफएस बनवणारे ड्राकट जागा वाचवण्यासाठी त्यात फक्त त्या क्षणी दिसणाऱ्या हार्डवेअरचेच ड्रायव्हर भरते. मग जुन्या हायपरवायझरवरून (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून) केव्हीएम या दुसऱ्या हायपरवायझरवर आणलेल्या क्लोनला तिथल्या आभासी डिस्कसाठी लागणारा व्हर्टआयओचा ड्रायव्हर सापडत नाही. तो ड्रायव्हर असतो कुठे? ज्या डिस्कला उघडायला तो हवा, नेमका त्याच डिस्कवर! पडद्यावर मात्र ‘ड्राकट-इनिटक्यू टाइमआउट’ ही ओळ एकाखाली एक उमटत राहते. ड्रायव्हर नाही हे दोन शब्द सांगायला कोणाची जीभ रेटत नाही. बूट मेन्यूतली रेस्क्यू नोंद निवडली की तेच मशीन बहुधा निमूटपणे सुरू होते, कारण तिच्या इनिटरॅमएफएसमध्ये सगळे ड्रायव्हर असतात, आणि मग ‘नो-होस्टओन्ली’ (फक्त याच मशीनपुरते नको) हा पर्याय देऊन ड्राकट एकदा चालवले की प्रश्न मिटतो. इतका साधा उपाय त्या पडद्यावर कोणी छापत का नाही?

युईएफआयचे (मशीन चालू होताच बूट सुरू करणाऱ्या फर्मवेअरचे) तर विचारूच नका. बूटची नोंद डिस्कवर नसून मशीनच्या एनव्हीरॅममध्ये (बंद केल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) असते, त्यामुळे डिस्क कितीही इमानदारीने उचलून नेली तरी ती नोंद मागेच राहते.

यावर ‘व्हर्ट-सिसप्रेप वापरा’, म्हणजे क्लोनमधल्या जुन्या खुणा पुसणारे साधन वापरा, असा सल्ला हमखास मिळतो. ते मशीन-आयडी (मशीनचा स्वतःचा ओळखक्रमांक) पुसते, त्यामुळे दोन मशीनांना डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून) एकच आयपी पत्ता मिळण्याचे संकट टळते, हे मान्य. पण फाइल सिस्टीमचे युयूआयडी बदलण्याची क्रिया त्यात मुळातच बंद ठेवलेली आहे आणि तिच्या माहितीपत्रकात निर्लज्जपणे लिहिले आहे, की एफस्टॅब आणि बूटलोडर यांसारख्या सगळ्या जागा तिला अजून शोधता येत नाहीत, त्यामुळे ती चालू केल्यास मशीन बूट न होण्याचीच शक्यता जास्त. ज्यांनी हे साधन लिहिले त्यांनाच या जागा धुंडाळता येत नसतील, तर रात्री-अपरात्री लाइव्ह आयएसओवरून (डिस्कशिवाय चालणाऱ्या तात्पुरत्या लिनक्सवरून) चेरूट करून, म्हणजे बिघडलेल्या सिस्टीमच्या आत शिरून बसलेल्या माणसाने त्या कोणत्या जादूने हुडकाव्यात?