मटणाबरोबर व्हाइट, तळाशी खडे आणि ‘कमिशन’: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमची तक्रार चार गोष्टींची आहे. घरच्या मटणाच्या जेवणासाठी तुम्ही फ्रेंच रेड वाइन मागत होता, तरी आमच्या काउंटरवरच्या मुलाने नाशिकची व्हाइट ‘कमिशनसाठी गळ्यात मारली’. त्या बाटलीच्या तळाशी काचेचे कण निघाले. सोबत नेलेली गव्हाची बिअर गढूळ होती. आणि घेण्याआधी घोटभर चाखायलाही मिळालं नाही. हे वाचून दुसरं कुणी भरलेली बाटली बेसिनमध्ये ओतू नये, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी काचेचं, कारण घरात लहान मुलं असताना काच म्हटलं की कुणाचाही जीव उडेल. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तळाशी साखरेच्या दाण्यांसारखे चकाकणारे खडे आहेत, थोडे झाकणालाही आतून चिकटलेत. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडे आहेत. चिंचेला आंबट करणारं आम्ल तेच, आणि द्राक्षातही ते भरपूर असतं. वाइन बराच वेळ थंड राहिली की ते पोटॅशियमबरोबर खड्यांच्या रूपात खाली बसतं. तुम्ही बाटली आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये ठेवली होती, तिथेच हे झालं. मोठ्या वायनऱ्या बाटलीबंद करण्याआधी वाइन शून्याच्याही खाली काही दिवस ठेवतात आणि खडे टाकीतच पाडून घेतात. लहान वायनऱ्या बरेचदा हा खटाटोप करत नाहीत, त्याने चवही थोडी उतरते असं त्यांच्यातल्या अनेकांचं म्हणणं असतं. केक करणाऱ्यांच्या घरात क्रीम ऑफ टार्टरची डबी असते, ती पूड याच क्षाराची. खात्री करायची तर चिमूटभर खडे कपात घ्या, वर उकळतं पाणी ओता आणि ढवळा. विरघळतील. काच विरघळत नाही. बाटली अजून असेल तर दुकानात घेऊन या, तुमच्यासमोर करून दाखवते.

आता मटणाबरोबर व्हाइट. ‘याला काहीच कळत नाही’ असं तुम्ही आमच्या मुलाबद्दल लिहिलंय. त्या संध्याकाळी मी बिलिंगलाच बसले होते, तुमचं बोलणं माझ्या कानावर पडलं. त्याने तुम्हाला आधी विचारलं, मटण कसलं? तुम्ही म्हणालात, काळ्या मसाल्याचा रस्सा, झणझणीत, वर तर्री. मग त्याने व्हाइट काढली, आणि मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

मांसाबरोबर रेड हा नियम भाजलेल्या मांसावर बसवलेला आहे. तिथे चरबी आणि मीठ असतं, मिरची नसते. वाइनमधला तुरटपणा चरबीने मऊ होतो, म्हणून ती जोडी जमते. आपल्या रश्श्यात मुख्य कारभार मिरचीचा. ओकच्या पिंपात मुरलेली, चौदा टक्के अल्कोहोलची रेड तिखटावर प्यायली की तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिळून आग वाढवतात. दोन घासांनंतर ना मसाल्याची चव लागते, ना वाइनची. थंडगार, किंचित गोडसर आणि चांगली आंबट व्हाइट मात्र तोंड निववते आणि पुढच्या घासाला जागा करते. त्याने दिलेली शेनिन ब्लां (ही त्या द्राक्षाच्याच नावाची व्हाइट) नेमकी तशी आहे. तुम्हाला फ्रान्सचंच काही हवं होतं, तर हे द्राक्षही मूळचं तिथल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलंच. रेडच प्यायची असेल तर ओक न लागलेली कोवळी शिराझ किंवा झिनफँडेल घ्या आणि ओतण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. हा पर्यायही त्याने तुम्हाला सांगितला होता.

आणि कमिशन. त्याने दिलेली बाटली तुम्ही सांगितलेल्या बजेटच्या निम्म्यात बसली. कमिशनवर डोळा असता तर त्याने मुकाट्याने फ्रेंच बाटली काढून दिली असती. आयात वाइनवरचं मूळ सीमाशुल्क वर्षानुवर्षं 150 टक्के राहिलं, त्यावर राज्याचे कर वेगळे. म्हणजे स्वस्तातली फ्रेंच रेड घेताना बरेच पैसे कराचे आणि वाहतुकीचे असतात, द्राक्षाच्या वाट्याला थोडेच येतात. त्याच पैशात दिंडोरीची किंवा अकलूजची उत्तम रिझर्व्ह, म्हणजे वायनरीची वरच्या दर्जाची वाइन येते. पेटीच्या खरेदीवर सवलत देणाऱ्या कंपन्यांच्या स्कीम आमच्याकडेही येतात, सगळ्याच दुकानांत येतात. त्यांचा संबंध माझ्या खरेदीशी आहे, काउंटरवरच्या पोरांच्या पगाराशी नाही. इथे कुणालाही बाटलीमागे पैसे मिळत नाहीत.

शिफारस कशावरून होते तेही सांगते. सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे मिळून वायनऱ्यांच्या टेस्टिंग रूममध्ये जातो आणि चाखलेलं वहीत उतरवतो. तुम्हाला दिलेल्या वाइनपुढे त्याच मुलाच्या अक्षरात लिहिलंय: ‘आधी आंबट, मग गोडसर. पेरूचा वास. तिखटाबरोबर मस्त, वरणभाताबरोबर पाणचट. गार नसेल तर देऊ नये.’ हा मुलगा निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा आहे. छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), द्राक्षात साखर उतरणं हे सगळं त्याने लहानपणापासून पाहिलंय.

गढूळ बिअरबद्दल थोडक्यात. ती बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर आहे, न गाळलेली. गव्हातली प्रथिनं आणि यीस्ट तिच्यात तरंगतात, ती तशीच असायला हवी. तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते, तुम्हाला आलेला ‘मसाल्याचा वास’ त्याचाच. ही पद्धत जवळपास संपली होती, 1960च्या दशकात पिएर सेलिस यांनी बेल्जियममधल्या होगार्डन गावात ती पुन्हा उभी केली. कॅनवरची तारीख मात्र प्रत्येकाने जरूर पाहावी. अशी क्राफ्ट बिअर, म्हणजे लहान प्रमाणात बनवलेली, जुनी झाली की तिची चव मरते, म्हणून आम्ही ती कमी मागवतो आणि फ्रीजमध्येच ठेवतो. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये बाहेरच्या रॅकवर तिचं काही खरं नसतं.

राहिलं चाखायला न देणं. ‘वायनरीत देतात, मग तुम्हाला काय झालं?’ असं तुम्ही विचारलंय. आमचा परवाना सीलबंद बाटली विकण्याचा आहे, दुकानात बाटली उघडून ग्लास भरता येत नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाइन शॉपला हेच लागू आहे, आणि ओळखीच्या माणसासाठीही आम्ही हा नियम मोडत नाही. चाखून घ्यायचं असेल तर आपण नाशिककर नशीबवान आहोत. सुला वायनरीने 2005 मध्ये गंगापूर धरणाजवळ टेस्टिंग रूम सुरू केली, यॉर्क आणि सोमा या वायनऱ्याही त्याच अंगाला आहेत. तिथे चार-पाच वाइन थोड्या थोड्या चाखा, काय आवडलं ते मोबाइलवर लिहून ठेवा आणि ते आम्हाला दाखवा. त्यावरून बाटली निवडणं फार सोपं जातं.

उघडलेली बाटली आम्ही कधीच परत घेत नाही असंही नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, किंवा व्हाइट तपकिरी पडून व्हिनेगरसारखी लागली, तर उरलेल्या वाइनसकट आणा, बदलून देतो. खडे आणि गढूळपणा हा दोष नाही, म्हणून तुमची बाटली आम्ही बदलली नाही आणि बदलणार नाही.

स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, वाइन आवडली नाही हेही खुशाल लिहा. ‘कमिशनसाठी’ हा शब्द मात्र काढावा, ही विनंती. तो मुलगा रोज संध्याकाळी हे रिव्ह्यू वाचतो, आणि त्याने तुम्हाला दिलेला सल्ला प्रामाणिक होता.

– दुकानाची मालकीण