१८४५ सालची अमेरिका आणि माझी माणसं

अमेरिकन साहित्यातला कुठला काळ स्वतःच्या मूल्यांशी जुळतो, या प्रश्नाला बहुतेक जण एमर्सन-थोरो या एकोणिसाव्या शतकातल्या विचारवंत लेखकांचा, असं उत्तर देतात. थोरो मलाही आवडतो. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून १८४६ मध्ये तो एक रात्र तुरुंगात राहिला, याचा मला आदर आहे. पण माझी माणसं त्याच काळातली, वेगळी आहेत. १८४५ साली थोरो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला आणि त्याच साली बॉस्टनमध्ये फ्रेडरिक डग्लसचं आत्मकथन छापून आलं. गुलामीतून निसटलेल्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, तो माझा काळ.

डग्लस अक्षर कसं शिकला ते वाचाच. बाल्टिमोरला मालकीणबाईंनी मुळाक्षरं शिकवायला घेतली, तर मालकाने ते बंद पाडलं. शिकला की गुलाम हाताबाहेर जातो, हे त्याचं म्हणणं. मग हा पोरगा गल्लीतल्या गरीब गोऱ्या मुलांना पाव द्यायचा आणि त्यांच्याकडून वाचायला शिकायचा. जहाजं बांधायच्या जागी सुतार लाकडांवर अक्षरं लिहीत: हे डाव्या बाजूचं, हे उजव्या, हे पुढचं, हे मागचं. ती अक्षरं त्याने गिरवली. कुंपणाच्या फळ्या, विटांच्या भिंती आणि रस्त्याची फरशी ही त्याची वही, खडूचा तुकडा ही लेखणी.

पुस्तकात त्याने मालकांची नावं उघड लिहिली. पुन्हा पकडलं जाण्याची भीती होती, म्हणून त्याला आयर्लंड-इंग्लंडला जावं लागलं. पण आपण पळालो कसे, हे मात्र त्याने लिहिलं नाही. मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. आत्मचरित्रात ती हकीकत आली ती थेट १८८१ मध्ये, गुलामगिरी कायद्याने संपल्यावर. स्वतःला धोका असला तरी खरं लिहायचं आणि दुसऱ्याला धोका असेल तिथे गप्प राहायचं, हे मला लिहिणाऱ्याचं सगळ्यात मोठं शील वाटतं.

गुलामीतूनच निसटलेली हॅरिएट जेकब्ज मालकापासून आजीच्या घरी छपराखालच्या पोकळीत जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. तिथे धड उभंही राहता येत नव्हतं. लाकडात भोकं पाडून ती बाहेर वावरणारी आपली मुलं बघायची. १८६१ मध्ये तिने हे टोपणनावाने लिहिलं, आणि पुढे कितीतरी काळ अभ्यासक त्याला गोऱ्या बाईने रचलेली कादंबरी समजत राहिले! १९८० च्या दशकात अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी पत्रव्यवहार धुंडाळून ते तिचंच असल्याचं सिद्ध केलं. भोगलं तिने, लिहिलं तिने, तरी पुरावा द्यावा लागला. मला याचा आजही संताप येतो.

आपल्याकडे १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात आला. १८७३ ची 'गुलामगिरी' तर जोतीरावांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केली. त्यामुळे हा काळ मला परक्या देशाचा वाटतच नाही.

डग्लसचं पुस्तक छोटंसं आहे, इंटरनेटवर फुकट मिळतं. सगळं जमलं नाही तर सहावं आणि सातवं प्रकरण तरी वाचा, आणि घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्यालाही वाचून दाखवा.