दारू सोडायला 'मिटिंगची गरज नाही' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, गावच्या, सोसायटीच्या आणि चुलतभावांच्या. थोडक्यात असा: दारू सुटणं हा फक्त मनाच्या निग्रहाचा प्रश्न आहे, एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट) मिटिंगांना चार दारुडे रडत बसतात, तिथे गेलं की बदनामी होते, ते ख्रिश्चनांचं आहे, शेवटी पैसे काढतात, त्यापेक्षा घरच्यांनी जेवणातून गुपचूप औषध द्यावं. मी सात वर्षं प्यायलेलो नाही आणि ते याच मिटिंगांमुळे, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी निग्रहाचं. निग्रह माझ्याकडे भरपूर होता हो. गटारी झाली की श्रावणभर थेंब नाही, आणि त्याच जोरावर बायकोला सांगायचो की बघ, मनात आणलं की सोडतो, मी काय दारुडा आहे का. विसर्जनाच्या रात्री पुन्हा सुरू. पुढे श्रावणही निभेना, सकाळी हात असे थरथरायचे की कप बशीवर वाजायचा आणि तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू जाऊ नये म्हणून मी बशीच घेईनासा झालो, थरथर थांबवायलासुद्धा क्वार्टरच लागायची. याला आजार म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. आणि रोज भरपूर पिणारा माणूस असला मेसेज वाचून 'आजपासून बंद' म्हणून घरी बसला तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. म्हणून आधी डॉक्टर. मिटिंग डॉक्टरची जागा घेत नाही, डॉक्टरकडून घरी आल्यावर संध्याकाळचे सात वाजतात ना, ती वेळ काढायला मिटिंग असते.

नुसतं रडणं असतं म्हणे. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, एकत्र तपासली. एए आणि लोकांना एएकडे नीट जोडून देणारे उपचार हे सलग न पिण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा सरस निघाले. रडतात का? हो, रडतात. मी पण रडलो. एक जण आठ महिन्यांनी स्लिप होऊन, म्हणजे पुन्हा पिऊन, परत आला होता, मागच्या बाकावर मान खाली घालून बसला, त्याला कोणी एक शब्द विचारला नाही, फक्त शेजारच्याने स्वतःचा चहा त्याच्यापुढे सरकवला. घरी असं कोणाला जमत नाही, घरच्यांचा दोष नाही, ते पोळलेले असतात.

बदनामीचं काय सांगू. वॉचमनने मला दोनदा लिफ्टमधून घरी आणून सोडलंय, सोसायटीला कळायचं काय राहिलं होतं? मिटिंगमध्ये आडनाव सांगत नाहीत, हजेरीपट नाही, आणि तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं.

ख्रिश्चनांचं आहे, यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रनला दोन दारुड्यांनी हे सुरू केलं आणि त्यांचा संबंध एका ख्रिस्ती गटाशी होता. पण एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारू सोडायच्या त्यांच्या टप्प्यांमध्ये, 'आपल्याला जसा समजला तसा देव' असंच लिहिलंय. माझा विठ्ठल आहे, माझ्या स्पॉन्सरचा (मला वाट दाखवणारा जुना मेंबर) कोणीच नाही, तो ग्रुपलाच शक्ती मानतो. चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत मिटिंग भरते कारण खोली स्वस्तात मिळते. तरीही नाही पटलं तर व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुराव्याचे गट असतात, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय.

पैसे? शेवटी एक टोपली फिरते, ज्याला जमेल तो टाकतो, भाडं आणि चहा त्यातून. बाहेरच्यांची देणगी घ्यायचीच नाही असा त्यांचा नियम आहे. सुरुवातीला मी टोपली नुसती पुढे द्यायचो, कोणी बघितलंही नाही.

आणि ते गुपचूप औषध! कृपया, कृपया करू नका. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं, त्यावर माणूस प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, मरूही शकतो. ते औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने. घरच्यांना काही करायचंच असेल तर त्यांच्यासाठी अल-अॅनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचे असेच गट, आहे, माझी बायको माझ्या आधी चार महिने तिकडे जात होती.

आता शोधायचं कसं. एए इंडियाच्या साइटवर शहराप्रमाणे ग्रुप मिळतात, नाहीतर जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा, १४४४६ ही सरकारी हेल्पलाइनही आहे. पण निघायच्या आधी फोन कराच, कारण मी पहिल्यांदा मंगळवारी गेलो तर शाळेला कुलूप, मिटिंग गुरुवारी होती, आणि परतीच्या वाटेवर बार होता. फोन केलात तर बऱ्याचदा कोणीतरी स्टेशनवर न्यायलाही येतं. घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर ओपन मिटिंग कधी ते विचारा, क्लोज्डला फक्त दारू सोडू पाहणारेच. एक ग्रुप नाही आवडला तर दुसरा बघा, मला तिसरा जमला. बोलायची सक्ती नसते, पहिले तीन आठवडे मी नाव सांगून नुसता लहान मुलांच्या त्या बाकावर गुडघे दुमडून बसलो होतो आणि कोणी काही विचारलं नाही.