'उरलं' दिसलं की वजाबाकी? जरा थांबा

सध्या एक फॉरवर्ड जाम फिरतोय, 'शाब्दिक उदाहरणं? समीकरण विसरा!' म्हणे 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरलं' दिसलं की वजाबाकी, दोन वेग दिले की सरासरी, बाकी सगळं त्रैराशिकात (तीन माहीत आकड्यांवरून प्रमाणाने चौथा काढणं) बसतं, आणि हो, क्ष मानायची भानगड आपली नाहीच, बाहेरून आलेली आहे. पोरं परीक्षेच्या तोंडावर हे पाठ करतायत म्हणून लिहावं लागतंय.

आधी ते कीवर्ड प्रकरण. टाकीतून मिनिटाला 8 लिटर पाणी गळतंय, 15 मिनिटांनी 240 लिटर उरलं, तर सुरुवातीला किती होतं? 'उरलं' आहे ना, करा वजाबाकी, 240 वजा 120, उत्तर 120. म्हणजे टाकी गळून गळून पाणी दुप्पट झालं, वा! त्यापेक्षा सुरुवातीचं पाणी क्ष धरा आणि जसं घडलं तसं लिहा: क्ष − 8 × 15 = 240, म्हणून क्ष = 360. वजाबाकी उदाहरणात आहेच हो, पण उत्तर काढताना तिची बेरीज होते, आणि हे कुठल्याच कीवर्डला कळत नाही.

सरासरीचं एका ओळीत. जाताना ताशी 40 किमी, येताना 60, अंतर 120 धरा, 3 तास अधिक 2 तास, 240 किमी 5 तासांत, म्हणजे 48. पन्नास नाही. कमी वेगात जास्त वेळ जातो ना.

खरी मेख त्रैराशिकात आहे. ते चुकीचं अजिबात नाही, पण शून्यापासून सुरू होणाऱ्या गोष्टींनाच चालतं. 24 सेमीची मेणबत्ती तासाला 2 सेमी जळते, 3 तासांनी 18 सेमी उरते, मग 6 तासांनी किती? त्रैराशिक म्हणणार 36! जळलेली लांबी वेळेच्या पटीत वाढते, उरलेली नाही, उरलेली असते 24 − 2क्ष. आता बाजूला 30 सेमीची दुसरी लावा, तासाला 3 सेमी जळणारी, दोन्ही सारख्या कधी होणार? 24 − 2क्ष = 30 − 3क्ष, क्ष = 6, तेव्हा दोन्ही 12 सेमी. कुणी म्हणेल मी तोंडी केलं, फरक 6 सेमीचा, तासाला 1 ने कमी होतो, झाले 6 तास. एकदम बरोबर, पण साहेब, तुम्ही समीकरणच सोडवलंत, फक्त कागदावर उतरवलं नाही.

आणि बाहेरून आलेली भानगड म्हणाल तर 1150 साली 'लीलावती' या अंकगणिताच्या ग्रंथात त्रैराशिक शिकवणारे भास्कराचार्यच आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' मानून समीकरणं मांडतात, एकाहून जास्त अज्ञात असले की कालक, नीलक अशी रंगांची नावं देतात. त्रैराशिकात सगळं भागत असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता त्यांनी?

फॉरवर्डमधला शेवटचा मुद्दा, एककं आधी सारखी करा, तो मात्र शंभर टक्के मान्य. वेग ताशी दिला असेल तर 45 मिनिटं म्हणजे 0.75 तास, 0.45 नव्हे.