न्यायमूर्ती, कोळसा आणि दिग्याचं वॉटरप्रूफिंग

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात न्यायमूर्तीपदाच्या निवडणुकीत एलॉन मस्कने दहा-दहा लाख डॉलरचे चेक वाटूनही त्याचा जज पडला, हा विषय दिग्याने काढला आणि संध्याकाळ गेली. अमेरिकेत मुलाकडे राहून आल्यापासून त्याला इथला उकाडासुद्धा बेशिस्त वाटतो.

दिग्या : तिथे लोक मत देऊन जज निवडतात, लेको! तुमच्यासारखं बंद दाराआड कॉलेजियम नाही. ट्रान्सपरन्सी!

शिऱ्या दिवसभर जिल्हा कोर्टात उभा असतो, त्यामुळे कट्ट्यावर तो बसल्याशिवाय बोलत नाही. बसला.

शिऱ्या : ब्रेंट बेंजामिन माहितीये?

दिग्या : मुलाच्या शेजारी एक बेंजामिन आहे.

शिऱ्या : हा वेस्ट व्हर्जिनियाचा. साधा वकील, २००४ मध्ये एकदम राज्याच्या सुप्रीम कोर्टावर निवडून आला. आता मागचं ऐक. केपर्टन नावाच्या छोट्या खाणवाल्याचा धंदा बुडवला म्हणून ज्युरीने मॅसी या कोळसा कंपनीला ५ कोटी डॉलर भरायला लावले होते. मॅसीचा मालक म्हणावा असा साहेब डॉन ब्लँकेनशिप. त्याने अपिलाच्या आधी जजच बघितला. उमेदवाराला थेट देता येत होते फक्त १००० डॉलर. मग पोरांच्या भल्याच्या नावाने काढलेल्या संस्थेला पैसे दिले, वर स्वतःही खर्च केला. सगळे मिळून ३० लाख, जुन्या जज मॅकग्रॉला पाडायला. जाहिरातीत काय, तर मॅकग्रॉ बाललैंगिक गुन्हेगाराला सोडतो. कोळशाचा क नाही!

दिग्या : मतं लोकांनीच दिली ना?

शिऱ्या : दिली. मग मॅसीचं अपील आलं. केपर्टन म्हणाला, साहेब, तुम्ही या खटल्यात बसू नका. हा बसला. ३-२ ने ५ कोटी माफ! फेरसुनावणीच्या वेळी दुसऱ्या न्यायमूर्तींचे, मेनार्डचे, फोटो निघाले. फ्रान्सच्या रिव्हिएरावर, ब्लँकेनशिपबरोबर. तो उठला. ब्लँकेनशिपला जाहीर झोडपणारा स्टार्चर, तोही उठला. बेंजामिन हंगामी सरन्यायाधीश होऊन बसला आणि रिकाम्या खुर्च्यांवर कोण, तेही यानेच ठरवलं. पुन्हा ३-२.

अण्णा : दिग्या सोसायटीचा चेअरमन असताना वॉटरप्रूफिंगचं काम साडूला दिलं, तेव्हा निदान फोन आल्यासारखं करून बाहेर तरी गेला होता.

दिग्या : त्याचं कोटेशन लोएस्ट होतं!

मी : गच्ची अजून गळते.

शिऱ्या : २००९ मध्ये अख्ख्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सांगितलं, याने बाजूला व्हायलाच हवं होतं. लाच सिद्ध व्हायची गरज नाही, पक्षपाताचा धोकाच एवढा मोठा.

दिग्या : चार जण विरोधात होते! त्यातल्या सरन्यायाधीश रॉबर्ट्सने चाळीस प्रश्न विचारले.

अण्णा (निवृत्त मास्तर) : चाळीस? वेळ किती दिला?

दिग्याने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि चक्क उभा राहिला.

दिग्या : हे वाच! त्याच नोव्हेंबरात बेंजामिनला वगळून कोर्ट बसलं आणि ४-१ ने पुन्हा मॅसीच जिंकली. करारात लिहिल्याप्रमाणे दावा शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात लावायला हवा होता. म्हणजे माझा माणूस बरोबर!

मुद्दा बिनतोड होता. दिग्याच्या तोंडून आला म्हणून आम्ही गप्प.

शिऱ्या : मग तर जास्तच वाईट. उठला असता तरी मॅसी जिंकली असती आणि याचं नाव राहिलं असतं. बसला, म्हणून आता बरोबर निकालालाही कोळशाचा वास येतो.

दिग्या बसला.

शिऱ्या : बारा वर्षांची मुदत संपली, २०१६ ला परत उभा राहिला. या खेपेला मात्र सरकारी निवडणूक निधी घेऊन. चौथा आला. पुढे असलेल्यांत आधी पाडलेल्या मॅकग्रॉचा सख्खा भाऊ! त्याच आठवड्यात ब्लँकेनशिप वर्षभरासाठी तुरुंगात गेला. खाण-सुरक्षेचे नियम मोडायचा कट. २०१० मध्ये त्याच्या कंपनीच्या खाणीत स्फोट होऊन २९ कामगार गेले होते.

अण्णा : एकोणतीस माणसं, आणि वर्षभर?

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग अण्णांनीच विचारलं, आता तरी ते कोर्ट सुधारलं का.

शिऱ्या : २०१८ मध्ये उरलेल्या सगळ्या न्यायमूर्तींवर महाभियोग! एकाच्या चेंबरमध्ये ३२ हजार डॉलरचा सोफा. लॉफ्री त्याचं नाव. राज्यातल्या राजकीय भ्रष्टाचारावर त्याने आधी पुस्तक लिहिलेलं.

अण्णा : वीस-बावीस लाखांचा सोफा?

मी : दिग्या, सोसायटीच्या ऑफिसातला केवढ्याला पडला रे?

दिग्या : एक पैसा नाही! साडूने गिफ्ट दिला होता!

अण्णांचा चहा नाकातून आला.